राळेखालचं लोखंड

८ नोव्हें., शनि.
१. गुरुवारी कुडाळहून येताना आमच्या जुन्या पद्मिनी गाडीची पुढची काच डाव्या कोपऱ्यातून सुटून आत आली. अण्णा चालवत होते. त्यांच्या मनगटाला चार टाके.
२. आज इस्माईलभाईंच्या गॅरेजमध्ये रबर काढलं. काचेची चौकट गंजलेली. डाव्या कोपऱ्यात बोट जाईल एवढं भोक. चौकट बदलावी लागेल.
३. रबराखाली सगळीकडे राळ आणि कापूस. अण्णा होड्यांच्या फटी बुजवतात तसंच. गंजाचं कारण: राळेखाली अडकलेलं खारं पाणी.
४. मी म्हटलं, "अण्णा, ही तुमची चूक आहे. ही होडी नाही." चार माणसं उभी होती.
५. संध्याकाळी अण्णा मिठबावला आत्येकडे गेले.

९, रवि.
जाताना एवढंच म्हणाले, "हापिसात बोलतंस तशी माझ्याकडे बोला नको."
घरात आम्ही मालवणीच बोलतो. चूक दाखवताना माझी भाषा बदलते. लक्षात आलं नव्हतं.
आत्येचा फोन. "जेवता, झोपता. गाडीचा नाव काढना नाय."

११, मंगळ.
कुडाळच्या भंगारवाल्याकडून चौकट आली. रुंदी बरोबर. उजवीकडे उंची ३ मिमी कमी, भरून घेता येईल.
इस्माईलभाई: "बापूस रुसलो, आता गाडी कोणाची ता सांग. काचेपेक्षा तुझ्या जिभेक धार आसा गो."
जुनी चौकट उद्या कापायची. सोमवारी त्यांच्याकडे दुसरी गाडी येतेय, त्याआधी जागा मोकळी हवी.

१२, बुध.
कापण्याआधी राळ खरवडून पत्र्याची जाडी मोजली. राळेखालचं लोखंड शाबूत. वरचा रंगसुद्धा. दोनदा मोजलं.
गंज फक्त डाव्या कोपऱ्यात. तिथे राळ नाहीच. दोन वर्षांपूर्वी तिथून पाणी झिरपायचं. अण्णा दरवर्षी होड्यांबरोबर गाडीचीही राळ नवी करत. त्या वर्षी म्हणाले, "आता तू भर गो, तू इंजिनिअरिंग शिकतंस." मी सिलिकॉन भरलं. स्वस्तातलं, आंबट वासाचं. सुकताना आम्ल सोडतं, लोखंडाला चालत नाही. पुढच्याच वर्षी हे परीक्षेत लिहून आले. गाडी आठवली नाही.
शनिवारी ते सिलिकॉन रबराबरोबर निघून आलं. मी मात्र ‘सगळीकडे’ राळ लिहिलं.
मुद्दा ३ चूक.
अण्णांना कोपरा कोणी भरला ते आठवत असणार. चौघांसमोर बोलले नाहीत.
इस्माईलभाईंना सांगितलं. त्यांनी ग्राइंडर खाली ठेवला. "माका सांगून काय? ज्येका सांगूचा तेका सांग."

१३, गुरु.
अण्णा फोन उचलत नाहीत. आत्येच्या फोनवर पाठवलं. आधी प्रमाण मराठीत लिहिलं होतं, ते पुसलं.
"अण्णानु, तुमच्या राळेखालचा लोखंड बरा आसा. भोक माझ्या सिलिकॉनखाली आसा. चूक माझी. गॅरेजात सगळ्यांका सांगतंय. जुनी चौकट अजून कापूक नाय, तुम्ही बघल्याशिवाय कापूचय नाय. नव्या चौकटीक राळ तुम्हीच भरा. येतालात की नाय ता रविवारपर्यंत कळवा."