आबांच्या पेटीला लावलेली करवत

आबा, तुमच्या हत्यारांच्या पेटीला मी करवत लावली. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल, किंवा मुळीच ऐकणार नाही. या दोन्हींतलं तुम्ही काय कराल ते मला तुम्ही असतानाही कधी ओळखता आलं नाही. तुम्ही गेलात त्याला यंदा एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी पेटीला तेल दिलं, वाळवी लागू नये म्हणून तळाला डांबर फासलं, एक बिजागरी बदलली. याहून जास्त तिच्या अंगाला हात लावला नाही. कल्याणातले दुसरे सुतार हसायचे. म्हणायचे, अरे, दर वेळी उकिडवं बसायचं, ते जडशीळ झाकण उचलायचं आणि विहिरीत घागर शोधल्यासारखा हात घालायचा, असं किती दिवस चालवणार? मी म्हणायचो, आबांची आहे. मग पुढे कोणी बोलायचं नाही. तुम्हाला ओळखणारी माणसं होती ती.

पण या वर्षी होळीच्या आधी खाडीच्या धक्क्यावर बैलगाडीतून सागाचा ओंडका उतरवताना माझा उजवा अंगठा सापडला. वैद्यबुवांनी "वळेल, वळेल" म्हणत तीन महिने लेप लावले. नाही वळला. आता तो हाताला आहे एवढंच. हातोडी धरली तर सुटते, पटाशी धरली तर फिरते. चार महिने मी कामाच्या छपरात नुसता बसून होतो. लोक दारं सांगायला यायचे आणि मी त्यांना दुसऱ्याचा पत्ता द्यायचो. पन्नाशी गाठलेल्या माणसाने सुतारकी सोडून करायचं काय, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी केलंही असतं. भीती वाटत होती, आबा. उरलेलं आयुष्य ओट्यावर बसून काढायचं की काय, याची भीती. शेवटी एक दिवस तुमची सून भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "अहो, दुसरा हात काय देवाने नुसता लोंबकळायला दिलाय?" ती पुढे म्हणाली, "मी काय आंधळी आहे? घरात कोणी नसलं की तुम्ही विळीची मूठ कुठल्या हाताने बसवता ते वीस वर्षं बघतेय."

आता ठाण्याचा देव्हारा आठवा. तुम्ही विसरला असाल, मी विसरलेलो नाही. खाडीकडे मिठागरवाल्यांचं घर, श्रावण तोंडावर आलेला, आणि त्यांच्या पडवीत आपण दोघं आठ दिवस देव्हारा करतोय. मी बावीस वर्षांचा, लग्न झालेला, स्वतःला कारागीर समजणारा. त्या दिवशी तुम्ही खिळे आणायला बाजारात गेला आहात. महिरपीवरच्या कमळाच्या पाकळ्या उरल्या आहेत. उजव्या हाताने त्या जाड येतात, नेहमीच यायच्या, म्हणून मी पटाशी डाव्या हातात घेतो. चार पाकळ्या होतात. अशा पाकळ्या माझ्या हातून त्याआधी झाल्या नव्हत्या. घरची म्हातारी समोरच तांदूळ निवडत बसली आहे, तिला त्यात काही वावगं वाटत नाही. आणि तुम्ही पायरीवर येऊन उभे राहता.

तुम्ही ओरडला नाहीत. "खाली ठेव," एवढंच म्हणालात. मग खिळ्यांची पुडी बाजूला ठेवून तुम्ही देव्हारा सोडवायला बसलात. महिरप काढली, खांब काढले, पाट काढला. म्हातारी सूप टाकून उठली. "अवं सुतार, ह्ये काय करताव? चांगला झाला व्हता की! मी हितंच बसलेय, मला काय इटाळ झाला नाय." तुम्ही हात न थांबवता म्हणालात, "तुम्हाला चालंल आई, देवाला चालायचं नाही." आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "धुवायचा हात तो. त्यानं देवाचं घर बांधतोस?" नवं लाकूड आपण कल्याणहून आणलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. पाकळ्या तुम्ही कोरल्यात. बऱ्या झाल्या होत्या. माझ्या जास्त चांगल्या होत्या, हे तुम्हालाही कळलं होतं आणि म्हणूनच मला जास्त राग आला. तो राग गेला असं मी लोकांना सांगतो. गेलेला नाही.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी उजव्या हाताने काम केलं. वाईट केलं नाही. पण रेघेवर करवत चालवताना शेवटच्या वितीत ती बाहेर जायची, आणि दर वेळी मी रंध्याने सावरून घ्यायचो. लोकांना वाटायचं, हा फार रंधा मारतो, याचं काम फार गुळगुळीत.

तर पेटी. डाव्या हाताने काम करायचं ठरवल्यावर पहिली अडचण तिचीच आली. तुम्ही तिच्यात बारीक हत्यारांचा खण उजवीकडे बसवलेला, उजव्या हाताला सहज लागेल असा. झाकण उचलायला एक हात, हत्यार घ्यायला दुसरा, आणि माझ्याकडे धड हात एकच. दोन आठवडे मी तिच्याभोवती फिरत होतो. मग एका सकाळी तिला उचलून कमरेइतक्या पायांवर उभी केली, झाकण खुंट्या मारून कायमचं बंद केलं आणि समोरच्या फळीवर खडूने रेघ ओढली. हत्यारं झाकणाखालून काढण्याऐवजी समोरून काढायची. तळाशी पुढे ओढून उघडायचे दोन खण करायचे, एकात रंधे, एकात करवती, आणि वर डावीकडे पटाश्यांचा. करवत लावताना मी मोठ्याने "आबा, माफ करा" म्हणालो. बायको चुलीपाशी हसली ते ऐकू आलं.

समोरची फळी निघाली आणि पेटीच्या आतल्या बाजूंवर पहिल्यांदाच सरळ उजेड पडला. तेव्हा डाव्या बाजूच्या फळीवर मला सहा टिकल्या दिसल्या. तीन वर, तीन खाली, सारख्या अंतरावर. बोट लावून पाहिलं तर त्या लाकडाच्या गुडद्या होत्या, भोकं बुजवण्यासाठी ठोकलेल्या. तंतू फळीच्या तंतूंशी जुळवून बसवलेल्या, वरून तासून तेल दिलेल्या. अशा गुडद्या बसवणारा माणूस मला एकच ठाऊक होता. पेटीही तुम्हीच केलेली, तुमच्या लग्नाच्या वर्षी. म्हणजे खण ज्यांवर टेकतो त्या पट्ट्या आधी डावीकडे होत्या. तुम्ही त्या उपटल्यात, भोकं बुजवलीत आणि खण उजवीकडे नेलात. ज्याचा उजवा हात चालतो तो माणूस आपला खण डावीकडे कशाला करेल?

दुसऱ्या दिवशी आगगाडीने ठाण्याला आत्याकडे गेलो. आत्या आता टेंभीनाक्याला मुलाच्या घरी असते. दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. मी गुडद्यांचं सांगितलं तशी ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "अरे, तुझा बाप? तो कसला उजवा! जेवताना तेवढा उजवा. आमच्या बापानं मारून मारून हात दुखवून घेतला, पण ह्यानं करवत काही बदलली नाही. सासुरवाडीला जाऊनसुद्धा डाव्या हातानं पाट करून आला." मी विचारलं, मग सोडलं कधी? "तू झालास तेव्हा. बारशाच्या दुसऱ्या दिवशी पेटी उलटीपालटी करीत बसला होता. मी म्हटलं, दादा, हे काय? म्हणाला, पोरगं बघून बघून शिकतं. मला बोलणी खायची सवय झालीय, त्याला कशाला?"

गाडीतून येताना मी काय विचार केला ते नीट सांगता यायचं नाही. रडू आलं, हे खरं. पण त्याहून जास्त मी हिशेब घालत होतो की तुम्ही किती वर्षं वाकडी करवत चालवलीत. सुरुवातीची ती वर्षं किती कठीण गेली असतील! हातात कसब असताना मुद्दाम दुसऱ्या हाताने शिकाऊ होऊन बसायचं, आणि तेही घरच्या पोराने बघू नये म्हणून. आणि इतकं करूनही पोरगं न बघताच डावखुरं निघालं. त्या पायरीवर उभं राहून तुम्ही चार पाकळ्या पाहिल्यात, तेव्हा तुम्हाला माझा राग आला होता की आणखी काही, हे विचारायचं राहिलं. मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं, आबा? मी कोणाला सांगणार होतो? एकदा म्हणायचं होतं, माझंही असंच होतं. देव्हारा मीच सोडवला असता.

घरी आल्यावर गुडद्या ठोकून काढल्या. नवी भोकं पाडायची गरजच पडली नाही. तुमच्या जुन्या भोकांत पट्ट्या बसल्या आणि त्यांवर खण सरकला. आता उभ्या उभ्या डावा हात पुढे केला की पटाशी हातात येते. दारांची दोन कामं झाली. रेघ शेवटपर्यंत सरळ जाते. रंधा फार मारावा लागत नाही. लोक म्हणतात, अंगठा गेल्यापासून याचं काम सुधारलं, आणि मी त्यांना म्हणतो, मन लावून करतो हल्ली.

हे पत्र कुठे टाकायचं ते कळत नाही. टपालवाला हसेल. घडी घालून करवतींच्या खणात ठेवतो, तिथे माझ्याशिवाय कोणाचा हात जात नाही.

एक तेवढं राहिलं. काल खंडेनवमी झाली. सगळी हत्यारं मी डाव्या हाताने पुसली, डाव्या हाताने पाटावर मांडली, झेंडूची माळ डाव्या हाताने पेटीवर घातली. मग कुंकवाचा करंडा उघडला आणि पुढे गेला तो उजवा हात. अंगठा वळत नाही, त्यामुळे निम्मं कुंकू जमिनीवर सांडलं. तरी हात बदलला नाही. एकेका हत्याराला तसंच, सांडत सांडत लावत गेलो. छपरात दुसरं कोणीच नव्हतं, आबा.