भिवा दरोडेखोराचा पोवाडा

मार्गशीर्ष शु. ४, शके १७८६. अमरावती.
कापसाच्या भावानं गाव माजलं आहे. शेजारच्या किसना गाडीवानानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. स्वतःच्या अंगात सदरा नाही. सकाळी गाडी जुंपताना माझाच पोवाडा म्हणत होता. बोरगावच्या नाल्यात कापसाच्या गाड्या लुटणारा भिवा, तो. भिवा म्हणून कोणी नाही; मीच ओसरीवर बसून त्याला जन्माला घातलं. शेवट ऐकला आणि चूळ तोंडातच राहिली.

तराजूने लुटी तो शेट, कुऱ्हाडीने लुटी तो चोर;
म्हादू म्हणे मज सोडा दोघे, घरी न कापूस, न ढोर.

'राघो म्हणे' पाहिजे. राघो मी. किसनाला तसं सांगितलं.
"असन बुवा. पन अकोल्यात म्हादू शाहिराचा म्हनूनच गाऊन राहिले."
म्हादूच्या दारात बैलांच्या दोन जोड्या. चोरलं ते चोरलं, निदान शोभेल असं तरी चोरावं.

शु. ९.
गेला कसा, ते उघड आहे. माझा झीलकरी गणपत दसऱ्यापासून म्हादूच्या फडात. तरुणपणापासून माझ्यामागे उभा राहिला, मी ओळ सोडली की त्यानं उचलली. जाताना म्हणाला, "तुमचं गानं गोड, बुवा, पन बोलनं आता आयकवत नाई." मी म्हटलं, मग कान इथंच ठेवून जा. हसला नाही.
ही असती तर तिनं मला त्याच्यामागे पळवलं असतं. तिला जाऊन तीन वर्षं झाली.
आज एकटाच डफ घेऊन बसलो. एक ओळ म्हटली, थांबलो. सवय. मागून कोणी

पौष शु. २.
किसना अकोल्याहून आला. त्याच नाल्यात खरोखरच गाड्या लुटल्या. फौजदाराचं म्हणणं, रचणाऱ्याला नाला ठाऊक, म्हणजे चोरही ठाऊक. म्हादूला ठाण्यात बसवलंय.
"बरं झालं ना बुवा, तुमचं नाव नाई त्यात."
दिवसभर खुशीत होतो. संध्याकाळी पिठलं केलं, ते तसंच झाकून ठेवलं. म्हादूसाठी जीव तुटतो असं मुळीच नाही. पण माझ्या गाण्यासाठी कोंडायचं, तेही दुसऱ्याला? मग मी कशाला उरलो.

शु. ६. अकोला.
किसनाच्या गाडीत सरकीच्या पोत्यांवर बसून आलो. फौजदाराला सांगितलं, पोवाडा माझा, भिवा खोटा. म्हादूला समोर आणलं. वाटलं, पाय धरील. तो माझ्यावरच उखडला.
"ह्या बुढ्याचा कायचा? म्या रचला. फाशी द्या, तरी माझाच."
फौजदार हसून हसून बेजार. कोठडीसाठी भांडणारे त्यानं पाहिले नव्हते म्हणे. उद्या गणपतची जबानी. तो ज्याचं नाव घेईल तो आत, दुसरा घरी.

गणपत ठाण्याबाहेर बसला होता. वाळलाय.
"जेवले का, बुवा?"
जेवलो म्हटलं. खोटंच. दिवेलागणीपर्यंत त्याच्याशेजारी बसलो.

उद्या माझं नाव घेतलं तर पोवाडा माझा, नि मी कोठडीत. म्हादूचं घेतलं तर मी मोकळा, त्या रिकाम्या घरात. यातलं तो रागानं काय करील नि मायेनं काय, ते कळत नाही. विचारायला हवं होतं. तेवढा वेळ तो बसला होता.