वडापमध्ये न बसण्याचा आठवडा

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ७.
सिटी बसवाल्यांचा संप शुक्रवारी कोर्टाने बेकायदा ठरवला. तरी कामगार हटलेले नाहीत. वाचताना अंगावर काटा आला. घरात राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झालेली मी एकटीच, म्हणजे जबाबदारी माझ्यावरच येते.

संकल्प: संप मिटेपर्यंत वडापच्या गाडीत पाय ठेवायचा नाही. बस बंद असताना सातजणांच्या जीपमध्ये बाराजण कोंबून नेणाऱ्या गाडीत बसणं म्हणजे कामगारांच्या पाठीत सुरा. कळंब्याहून शाहूपुरीतल्या आमच्या पतसंस्थेपर्यंत चालत जायचं. लोक दीड तास म्हणतात. मी झपझप चालते. तास धरू.

अडचण एकच. कळंबा ते स्टँड वडापची गाडी आण्णांचीच, म्हणजे माझ्या वडिलांचीच आहे. त्यांना शांतपणे तत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, बरं, मग चाल की. आई म्हणाली, ह्याच गाडीतनं कॉलेजला जात होतीस, तवा कुठं गेलतं तत्त्व. मी म्हटलं, तेव्हा मी फर्स्ट इयरला होते.

दुसरी एक बाब. शनिवारी राजवर्धन सर मला कायम केल्याची ऑर्डर देणार. अट एवढीच की आता एकही लेटमार्क नको. दोन आधीच आहेत, दोन्ही बसमुळे. (तेव्हा संप नव्हता.)

सोमवार, रात्री.
संभाजीनगर थांब्यापर्यंत निर्धाराने चालले. तिथे ऑफिसातली अनुजा स्कूटीवर भेटली. लिफ्ट घेतली. लिफ्ट हा प्रवास नाही, ती मैत्री आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.
पुठ्ठ्यावर मार्करने बोर्ड केला: वडाप टाळा, कामगारांना साथ द्या. अक्षर सुंदर आलंय.

नाक्यावर उभी राहून लोकांची मतं घेतली. एक मावशी भाजीची पाटी घेऊन बसथांब्यावर बसल्या होत्या. संपाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, संप हाय व्हय? मला वाटलं रोजच्यागत उशीर झालाय. एक गृहस्थ म्हणाले, कोर्टाचं आईकत न्हाईत म्हंजे काय, सगळ्यांना घरी बसवा. त्यांना घटनेतला संघटना-स्वातंत्र्याचा भाग सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात आण्णांची गाडी आली आणि ते धावत जाऊन बसले. मावशीही बसल्या. समाजप्रबोधनाला वेळ लागतो.

येताना आमच्या गल्लीतले अंबादासकाका भेटले. काका कंडक्टर, म्हणजे प्रत्यक्ष संपकरी. त्यांना माझा जाहीर पाठिंबा कळवला. ते म्हणाले, बरं झालं, च्या घेतीस का? रोज धरणं द्यायला स्टँडला कसे जाता विचारलं, तर जातो की कसंतरी, म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले. म्हणजे चालत. या वयात. स्वतःची लाज वाटली.

बुधवार, १२ नोव्हेंबर.
टाचेला फोड. रिक्षा केली. रिक्षा ही वडाप नव्हे, तिला मीटर असतो. (चालू नव्हता.)

ओसरीतला बोर्ड गायब. आईला माहीत नाही. आण्णांना विचारलं तर ते टायरची हवा बघायला बाहेर गेले. बहुतेक कुणीतरी प्रेरणा घेऊन चळवळीत नेला. असे बदल नकळतच होत असतात.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.
प्रवासी-कामगार एकजूट मंच स्थापन. सध्या व्हॉट्सॲपवर. सदस्य: मी, अनुजा आणि आई. जाहीरनामा टाकला. अनुजाने अंगठा दाखवला. आईने लिहिलं, येताना कोथिंबीर आण. मंचाचा वापर कशासाठी करायचा याची शिस्त लावावी लागेल.

ऑफिसला वेळेत पोचले. (अनुजा.)

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.
अनुजा रजेवर. पायी निघाले. कळंबा जेलच्या पुढे मागून आण्णांचा हॉर्न. गाडी माझ्या शेजारून हळूहळू चालवू लागले. मी समोर बघत राहिले. आतून एक बाई म्हणाल्या, बापूसो, ही तुमची पोरगी न्हवं? आण्णा म्हणाले, हाय, पण संपावर हाय. सगळी गाडी हसली. मी चालण्याचा वेग वाढवला, त्याने फोड फुटला.

पुढे दुधाच्या टेंपोने सोडलं. टेंपो मालवाहतुकीत येतो. दहाला एक मिनिट असताना सही केली. सर म्हणाले, उद्या ऑर्डर टाईप करून ठेवतो, फक्त वेळेत या.

उद्या पहाटे पाचला उठून निघायचं. प्रश्नच नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर. रात्री.
सव्वाआठला जाग आली. टाच टेकवेना. अनुजाचा फोन बंद. रिक्षा नाही.

आण्णांच्या गाडीत पुढे बसले. हे लिहून ठेवणं आवश्यक आहे: मी प्रवासी म्हणून बसले नाही. मी घरची आहे.

नाक्यावर गाडी थांबली ती हलेना. भरल्याशिवाय वडाप सुटत नाही, हा नियम मला लहानपणापासून माहीत आहे, पण तो मला लागू असेल असं वाटलं नव्हतं. एक जागा रिकामी होती. आण्णांना ऑर्डरचं सांगितलं. ते म्हणाले, ह्यास्नीबी हापिसं हायतच की. बसलेल्यांनी माना हलवल्या. साडेनऊ झाले. मी म्हटलं, आण्णा, माझी नोकरी आहे ही. ते म्हणाले, मग खाली उतर आणि हाक मार.

उतरले. वक्तृत्वात मला जिल्ह्याचं बक्षीस आहे. प्रवासी बंधुभगिनींनो म्हणून सुरुवात केली. कुत्रंही थांबलं नाही. मग काय झालं कळलं नाही, तोंडातून निघालं, ओ पावणं, स्टँड स्टँड स्टँड, एकच जागा हाय, या की!

एक माणूस लगेच आला. अंबादासकाका. बगलेत गुंडाळलेला झेंडा. म्हणाले, जरा सरक बाळ, मी रोज हितंच बसतो.

मी सरकले. काचेला पुठ्ठा टेकवलेला होता. बाहेरून त्यावर आण्णांच्या अक्षरात ‘कळंबा-स्टँड’, हे मी चढतानाच वाचलं होतं. आतली बाजू आता समोर आली. काकांनी ती मोठ्याने वाचली: वडाप टाळा, कामगारांना साथ द्या. मग विचारलं, अक्षर कुणाचं वो, बापूसो? आण्णा म्हणाले, पोरीचं. बी. ए. हाय.

दहा वाजून बारा मिनिटांनी पोचले. सरांनी घड्याळाकडे बघितलं. ऑर्डर आता तीन महिन्यांनी.

जेवताना आण्णांकडे बोर्डाची माझी बाजू बाहेर लावायचा विषय काढला. ते म्हणाले, मग गाडी कुठं जात्या ते लोकास्नी कसं कळायचं? हा मुद्दा बरोबर आहे. पुढे म्हणाले, आवाज लांब जातोय तुझा. सोमवारी साडेआठलाच ये नाक्यावर, गाडी लौकर भरंल, तूबी वेळेत पोचशील.

आईने काढा दिलाय. सोमवारपर्यंत बसलेला घसा सुटायला हवा.