खारपाण्याची ब्याटरी

जळगाव जामोद
ता. ६ जानेवारी १९४६

चि. वैजनाथ यास वच्छलाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझे चार ओळींचे पत्र पाहून खामगावात शाईचेही रेशनिंग लागले की काय, अशी शंका आली.

सासूबाई गेल्यापासून मामंजींनी सगळ्यातून मन काढून घेतले आहे. पेरणीचे विचारले तरी तुमचं तुम्ही पाहा म्हणतात. परवा मात्र रेडिओ काऊन बंद ठेवला, असे आपण होऊन विचारले. मला फार बरे वाटले. पण त्याची ब्याटरी तेव्हापासून दोन वर्षे बाजेखाली तशीच पडलेली, रेडिओचा दिवासुद्धा लागेना. तिकडे चार्जिंगची सोय आहे, म्हणून सर्व्हिस मोटारीने तुझ्याकडे पाठवते आहे. आता हे नाही जमले, तर ते पुन्हा काही मागायचे नाहीत, ही मला भीती आहे. लहानपणी आपल्या आबांचे घड्याळ दुरुस्त केलेस, तसे मात्र करू नको.

लोभ आहेच, पत्र जरा लांब येऊ दे.

तुझी ताई


खामगाव
ता. ११ जानेवारी

ती. सौ. ताईस वैजनाथचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

उतरलेली ब्याटरी तशीच ठेवली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर चढतो, तसा चढला आहे. शिवाय आतल्या पाण्यात मीठ निघाले! ताई, खरे सांग, विहिरीचे पाणी कोणी ओतले? ज्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून लग्नापासून रडतेस, तेच हिला पाजलेस?

इथला चार्जिंगचा दुकानदार भंगारात टाका म्हणतो. मी धुऊन, वाफेचे शुद्ध पाणी घालून, त्याच्याच दुकानात अगदी मंद करंटवर लावली आहे. घाई केली तर पट्ट्याच गळतील. तुझ्या मामंजींना शब्द देऊ नको.

धाकट्यावर माया असू दे.

वैजनाथ


जळगाव जामोद
ता. १७ जानेवारी

चि. वैजनाथ यास आशीर्वाद.

पाणी ओतणे इकडूनच, म्हणजे तुझ्या भाऊजींकडूनच झाले. ब्याटरीले तहान लागली असेल, असे वाटले म्हणे. तुझे पत्र मी मुद्दाम मोठ्याने वाचले. तेव्हापासून घरात शांतता आहे.

मी शब्द दिला नाही. पण मामंजी रोज मोटारीची वाट पाहतात. काल एरियलचा बांबू स्वतः उभा राहून नीट करून घेतला. जमत नसेल तर आधी कळव बाबा.

ताई


खामगाव
ता. २४ जानेवारी

ती. सौ. ताईस सा. नमस्कार.

ब्याटरी पाठवली आहे. निम्मी उठली. संध्याकाळी थोडा वेळ चालेल, मग थकेल. थकली की लगेच इकडे पाठवायची, बाजेखाली नाही. भाऊजींना तांब्यासकट दूर ठेवावे.

वैजनाथ


जळगाव जामोद
ता. २७ जानेवारी

चि. वैजनाथ यास अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी रेडिओ लागला. भजन सुरू झाले. सासूबाई याच वेळी ऐकायच्या. मामंजी डोळे मिटून बसले होते. अर्धे झाले नाही तोच हात वर करून बंद करा म्हणाले. त्यांना सोसवले नाही, उगाच खपली काढली, असे वाटून मी बटण फिरवले आणि तोंड फिरवून उभी राहिले.

तर म्हणतात कसे, सूनबाई, आजच सारं काऊन संपवता, उद्याले राहू द्या थोडं.

मी चुलीपुढे जाऊन पोटभर रडले रे. यांना वाटले धूर झाला, पाणी घेऊन धावत आले.

तुझी ताई