चार मजले, दहा मिनिटं

२२ सप्टेंबर, सोमवार
आई खांदेश्वरला बंडूकडे राहायला जाते म्हणाली. का, तर धाकट्याचं घर तळमजल्यावर आहे. ऑगस्टमध्ये वीज गेली तेव्हा ती चाळीस मिनिटं लिफ्टमध्ये अडकली. गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. उद्या आग लागली तर, म्हणाली. म्हणजे थोरला मुलगा संकटात निरुपयोगी, असा ठराव झाला. मला अमान्य! तेवीस वर्षं व्याख्यानं देतोय. भूकंप, महापूर, त्सुनामी, सगळ्यांवर. बंडूने एकही ऐकलेलं नाही.

२३ सप्टेंबर
सोसायटीची नोटीस. या पंधरवड्यात कधीही मॉक ड्रिल. भोंगा वाजला की दहा मिनिटांत खाली. आईशी तह केला: वेळेत खाली नेलं तर ती इथेच राहील, नाहीतर बंडू येऊन तिला घेऊन जाईल.
बायको सुमेधा म्हणाली, पुतळाला सांगून ठेवू या. पुतळा म्हणजे समोरची, ४०२. माहेर करावे गावातलं, लहानपण खाडीत होड्या ओढण्यात गेलेलं. मी ठाम नकार दिला. माझी आई मीच वाचवणार.

२६ सप्टेंबर
खरेदी. माणूस उचलून न्यायची पट्ट्यांची खुर्ची, टॉर्च, दोर, शिट्टी, हेल्मेट, हँडमाइक. सुमेधाने विचारलं, अहो, पाणी? आईंची औषधं? म्हटलं, आधी तत्त्व, मग तपशील. हँडमाइक अप्रतिम आहे.

२८ सप्टेंबर, रविवार
सराव. आईला खुर्चीत बसवून पट्टे आवळले, प्रास्ताविक सुरू केलं. मध्येच म्हणाली, आशू, मला बांधून घालून भाषण ऐकवतोस होय रे? दारापर्यंत पोहोचलो तोवर तिची जेवायची वेळ झाली. सराव तत्त्वतः यशस्वी.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
लोक पूजेला कात्र्या आणि स्क्रू-ड्रायव्हर मांडतात. मी संपूर्ण आपत्कालीन साहित्य मांडलं, खुर्चीसकट. झेंडूचे हार घातले. सुमेधा म्हणते, निदान खुर्ची तरी बाहेर ठेवा. वर म्हणे, उद्याच्या उत्तरपूजेपर्यंत काही हलवायचं नाही हा नियम तुमचाच. माझाच! ज्याला पूजेचा नियम पाळवत नाही, तो संकटात शिस्त काय पाळणार? शिवाय दसऱ्याच्या सुट्टीत ड्रिल घेतं कोण?

२ ऑक्टोबर, दसरा, सकाळी १०.४०
भोंगा.

दुपारी १२.३०
घटनाक्रम तटस्थपणे नोंदवतो. भोंगा वाजताच मी उत्तरपूजेला बसलो. अक्षता सापडेनात. सुमेधा ओरडली, सोडा हो ते! हँडमाइकही पूजेत, म्हणून नुसत्या आवाजातच घरच्यांना धीराचे चार शब्द सांगू लागलो. तेवढ्यात पुतळा आत घुसली. म्हणाली, दादा, भाषन मागून करा, मावशीला आमी नेताव. स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, आईला बसवलं, एका बाजूने ती आणि दुसऱ्या बाजूने सुमेधा. सहा मिनिटांत आई खाली. गेटपाशी चहा पीत होती म्हणे.
मी घाबरून पूजा अर्धवट टाकली नाही. अक्षता वाहिल्या, हार उतरवले, हेल्मेट घातलं आणि रिकामी खुर्ची खांद्यावर घेऊन सतराव्या मिनिटाला शिस्तीत उतरलो. अग्निशमन दलाच्या जवानाने मला मृत घोषित केलं. छातीवर लाल स्टिकर. संपूर्ण ड्रिलमध्ये मृत फक्त मी. त्याच अवस्थेत मी आठ मिनिटं जाहीर निषेध केला. थांबलो तेव्हा टाळ्या कडाडल्या.

३ ऑक्टोबर
आई इथेच राहणार! बंडूला मुद्दाम फोन करून कळवलं. आई म्हणाली, सुमेधा आणि पुतळा आहेत, आता कसली भीती. माझं नाव घाईत राहून गेलं असावं.
संध्याकाळी नोटीस बोर्डावर ‘आपत्तीत मदत लागणारे रहिवासी’ अशी यादी लागली. आईचं नाव खोडलंय. ४०१ पुढे माझं लिहिलंय. शेरा: बोलत राहिल्यास उचलून आणावे.