सीटखालची चार भोकं

पप्पा,

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. आपली सोसायटी पुनर्विकासाला गेली. आई आणि मी मुलुंडमध्येच, दोन गल्ल्या सोडून, भाड्याच्या घरात राहतो.
२. तुम्ही गेल्यापासून अकरा वर्षं कंपाउंडमध्ये कव्हरखाली उभी असलेली तुमची पद्मिनी गाडी हलवावी लागली. भंगारात द्या, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी दिली नाही.
३. आठ महिन्यांपासून गाडी घाटकोपरच्या एका गॅरेजमध्ये आहे. ती पहिल्यासारखी करायचं काम चालू आहे.
४. गेल्या रविवारी पुढची सीट काढली. खालच्या पत्र्यात चार जादा भोकं सापडली. ती कंपनीची नाहीत.
५. ती तुम्ही पाडलेली आहेत.

यापुढचं मला क्रमाने लिहिता येत नाही.

काम सुरू केलं तेव्हा मी स्वतःला एकच नियम घालून घेतला होता. मूळ गाडीत जे होतं तेच परत बसवायचं. त्याच्यासारखं दिसणारं नाही, तेच. पवईच्या ऑफिसात मी दिवसभर यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग तपासते आणि एखादं माप चुकलं असेल तर परत पाठवते, मग ते कोणाचंही असो. तीच सवय इथे लावली. मागच्या दिव्याची लाल काच कुर्ल्याच्या भंगार बाजारात चौथ्या खेपेला मिळाली. तिथल्या दुकानदाराने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "मॅडम, ओरिजिनल पायजे का चालनारं?" ओरिजिनल, म्हटलं. "मग या परत परत. चालनारं आत्ता दिलं आस्तं." डाव्या दरवाजाचं हँडल बोरिवलीच्या एका निवृत्त टॅक्सीवाल्यांकडून आणलं. टॅक्सी मोडीत काढली तेव्हा त्यांनी तेवढंच काढून घरी ठेवलं होतं. मला देताना त्यांनी ते दोनदा परत हातात घेतलं. स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्याची मूठ अजून मिळालेली नाही.

गॅरेजचे मेस्त्री मालवणकडचे आहेत, साठी ओलांडलेले. माझ्या यादीला ते कंटाळलेत. "तुझी यादी वाचूक माका चष्मो बदलूचो लागतलो," असं दर आठवड्याला म्हणतात आणि दर आठवड्याला वाचतात. रविवारी सीट बाहेर काढल्यावर ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "बाय, ही भोकां कंपनीची न्हय. मागसून कोणीतरी पाडलेली." एका भोकातलं रबराचं बूच काढून कडेवर अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाले, "पण पाडणारो हुशार होतो."

बाकीची बुचंही काढून मी मोजलं. मोजायला तुम्हीच दिलेला व्हर्नियर होता, बारावीच्या निकालाच्या दिवशी डबा पुसून हातात ठेवलेला. चारही भोकं साडेआठ मिलिमीटर, सीटचे बोल्ट बसतात त्या मूळ भोकांच्या बरोबर रेषेत, पासष्ट मिलिमीटर पुढे. चारहींची धार वरून आणि खालून मोडलेली. तिथे मला कळलं. अंधेरीच्या एमआयडीसीत तुमच्या कारखान्यात तुम्ही मला एकदाच नेलं होतं. मी दहा वर्षांची असेन. तुम्ही एका टाकाऊ पट्टीला भोक पाडलं आणि माझं बोट त्याच्या कडेवरून अलगद फिरवलं. टोचलं. मग दोन्ही बाजूंनी धार मोडलीत आणि परत बोट फिरवलंत. "भोक पाडणं हे अर्धं काम," तुम्ही म्हणालात. ऑफिसात मी हे वाक्य नव्या मुलांना सांगते. कोणाचं आहे ते सांगत नाही.

प्रश्न असा होता की तुम्ही पाच फूट दहा इंच. सीट मागच्या टोकाला घेऊनसुद्धा तुमचे गुडघे स्टिअरिंगला लागायचे. मग ती आणखी पुढे घ्यायची सोय तुम्ही कोणासाठी केलीत?

आई स्वयंपाकघरात सुका जवळा निवडत बसली होती. मी विचारलं. ती मान वर न करता म्हणाली, "माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी म्हणजे?"

"म्हणजे काय? माझे पाय पोचत नव्हते क्लचला. चार फूट अकरा इंचाच्या बाईने काय करायचं? उशी लावून बघितली पाठीला, तर ती सटकायची. मग ह्यांनी एका शनिवारी भोकंच पाडली."

"तू गाडी चालवायचीस?"

"शिकत होते गं. रविवारी सकाळी, एमआयडीसीच्या रस्त्यावर. कारखाने बंद, कुत्रं नसायचं तिथे. सीट सगळी एकच ना, माझ्यासाठी पुढे घेतली की ह्यांची पण पुढे यायची. गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. मी म्हणायचे, अहो, दुखत नाही का? तर म्हणायचे, समोर बघ." आणि ती हसली. तुम्ही गेल्यानंतर तुमच्याबद्दल बोलताना ती इतकी सहज हसलेली मी पाहिली नव्हती.

मी विचारलं, मग का सोडलंस. तिने जवळ्यातला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे. तू लहान होतीस."

पप्पा, मला तुम्ही आयुष्यात एकदाच रागावलात, तो दिवस मी पक्का लक्षात ठेवलेला आहे. निदान तशी माझी समजूत होती. मी सहा वर्षांची आहे. मागच्या सीटवर बसले आहे. गाडी थांबते. तुम्ही मागचं दार उघडून मला खाली उतरवता, फुटपाथवर उभं करता आणि म्हणता, "आता हस." तुमचा आवाज मोठा नाही. मी हसत नाही. समोर एका बंद कारखान्याचं निळं फाटक आहे. एवढंच आठवतं. कारणाच्या जागी मी इतकी वर्षं एकच गोष्ट ठेवली होती, की मी चप्पल घालून सीटवर उभी राहिले असेन. तुम्ही गाडीला फार जपायचा, म्हणून ते कारण पटायचं. त्यामुळे तुमचा थोडा रागही धरता यायचा. माणसापेक्षा पत्रा मोठा, असं मी कॉलेजात मैत्रिणींना तुमच्याबद्दल म्हटलेलं आहे.

आईला मी आणखी दोनदा विचारलं तेव्हा तिने सांगितलं की तिचं शिकणं सुटलं ते त्याच सकाळी. वळणावर गाडी तीनदा बंद पडली. मागे एक टेंपो हॉर्न वाजवत होता. आणि मी मागून टाळ्या वाजवत ओरडत होते, आईला येत नाही, आईला येत नाही. टेंपोवाला पण हसला. तुम्ही मला उतरवलंत तेव्हा आईसुद्धा तिच्या बाजूने उतरली आणि परत त्या जागी बसली नाही.

"तुझ्यामुळे नाही हां," ती लगेच म्हणाली. "मी घाबरायचेच. मला निमित्त मिळालं."

हे खरं आहे की मला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, ते मला माहीत नाही. मला त्यातलं काहीच आठवत नाही. ना टाळ्या, ना स्टिअरिंगवरचे तिचे हात. शिक्षा तेवढी जपून ठेवली.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर परत गॅरेजमध्ये गेले आणि भोकं नीट पाहिली. सीट तुम्ही मूळ जागी नेलीत, पण भोकं बुजवली नाहीत. प्रत्येकात रबराचं बूच बसवलंत. बुचांखाली कडेला गंज नाही. गंज धरू नये म्हणून लावतात तो लाल रंग आहे, आणि त्याचे दोन थर आहेत. दोन थरांच्या मध्ये धूळ आहे. म्हणजे ते एका वेळचे नाहीत. पहिल्यानंतर काही वर्षांनी तुम्ही परत सीट काढलीत, बुचं काढलीत, परत रंग दिलात, बुचं लावलीत आणि भोकं न भरता तशीच ठेवलीत, ती कधीतरी परत लागतील म्हणून. आईला मी विचारलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. "मला परत कधी म्हणाले नाहीत," ती म्हणाली. मग बराच वेळ तिने नळ चालू ठेवला.

आता मुद्दा. शनिवारी सकाळी पत्र्याचं काम करणारा येणार आहे. तो भोकं वेल्डिंगने भरून घासून देईल, वर रंग चढेल आणि तिथे काही होतं हे कोणाला कळणार नाही. माझ्या नियमाप्रमाणे ती भरायलाच हवीत. मेस्त्री म्हणाले, "तुझी गाडी, तू सांग." इतके दिवस प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारा माणूस नेमका इथे दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडायला गेला.

दुसरा पर्याय असा की सीट तुमच्या भोकांवर बसवायची आणि एका रविवारी आईला घेऊन जायचं. ती बासष्ट वर्षांची आहे. शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात करावी लागेल. आता तो रस्ता रविवारीही मोकळा नसतो, दुसरा शोधावा लागेल. शेजारी गुडघे पोटाशी घेऊन मला बसता येईल, मी तुमच्याएवढी उंच नाही. ती कदाचित नको म्हणेल. पण नको म्हणाली, तर ते गाडीला म्हणाली की मला, हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

हे तिलाच विचारायला हवं, ते मला कळतं. ती या क्षणी भिंतीपलीकडे टीव्ही बघते आहे, आणि तुम्हाला पत्र पाठवायला पत्ता नाही. पण तिला विचारायचं तर आधी त्या सकाळबद्दल माफी मागायला हवी. तीन दिवस झाले, मी जेवायला बसते, वाक्य तयार असतं, आणि मी मीठ मागते. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

भोकं भरू की ठेवू, ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा.