खांबातला कोनाडा

कोरेगाव, मंगळवार, माघ, सन १९४४

उसाच्या गाडीनं पाडलेला कुंपणाचा खांब मामंजींनी आज पुन्हा उभा केला, चुन्याचा गिलावाही दिला. पण त्यातला कोनाडा? हे लढाईवर गेल्यापासून मी त्यात रोज दिवा लावते. दिवाळीपासून यांची खुशाली नाही, म्हणून तर जास्तच.

दिवेलागणीला गेले, तर सगळा खांब गुळगुळीत.

"आवं मामंजी, कोनाडा ठिवायचा ऱ्हायला की."

थापी धूत, वर न बघता म्हणाले, "ऱ्हायला न्हाई, पोरी. मीच ठिवला न्हाई. किती दिस वाट बघायची?"

बाप असून असं बोलवतं?

दिवा उंबऱ्यावर ठेवलाय. तिथं तो बघवत नाही. मामंजी भजनाला गेलेत. गिलावा अजून ओला आहे. एकच वीट काढायची, उलथनं पुरेल.